सरकती वेस आणि घराचा भाव

वाढत्या महानगरातील घरांच्या किमतींची चर्चा बहुधा एका आकड्याने सुरू होते आणि त्याच आकड्यापाशी फसते. शहराचा सरासरी दर प्रति चौरस फूट इतका होता आणि आता इतका झाला, हे विधान ज्या शहराची हद्द आणि वस्ती बरीचशी स्थिर आहे तेथे काहीतरी सांगते. परंतु ज्या शहराची वेस दर पिढीत काही किलोमीटर पुढे सरकते, जेथे कालचे उसाचे रान आजचा 'पश्चिम उपनगरातील प्रीमियम प्रकल्प' होतो, तेथे ही सरासरी दोन वेगवेगळ्या शहरांची तुलना एकाच नावाखाली करत असते. पुणे महानगर हे याचे ठळक उदाहरण आहे, कारण मागील सुमारे सहा दशकांत या शहराने आपली वेस इतक्या वेळा ओलांडली आहे की 'पुण्यातील भाव' म्हणजे नेमका कोठला भाव, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

सरासरीचा हा दोष एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या वर्षी जुन्या शहरात १०० सदनिका १०,००० रुपये दराने आणि वेशीवर १०० सदनिका ५,००० रुपये दराने विकल्या गेल्या; सरासरी ७,५०० रुपये झाली. पाच वर्षांनी दोन्हीकडे भाव दहा टक्क्यांनी वाढून अनुक्रमे ११,००० आणि ५,५०० झाले, पण तोवर शहरातील मोकळी जागा संपत आल्याने तेथे ५०च सदनिका विकल्या गेल्या आणि वेशीवर १५० विकल्या गेल्या. आता सरासरी येते ६,८७५ रुपये. म्हणजे प्रत्येक ठिकाणी घर महागले आणि शहर मात्र आठ टक्क्यांहून अधिक 'स्वस्त' झाले. संख्याशास्त्रात याला रचनेचा परिणाम म्हणतात. वर्तमानपत्रांतील तिमाही अहवालांत भाव 'स्थिर' असल्याचे वाचून सुखावणाऱ्या आणि प्रत्यक्ष चौकशीला गेल्यावर हबकणाऱ्या ग्राहकाचा गोंधळ बराचसा येथून येतो.

दुसरा गैरसमज जमिनीविषयी आहे. जमीन महाग झाली म्हणून घरे महागली, असे सर्रास म्हटले जाते आणि बांधकाम व्यावसायिकही ते आनंदाने सांगतात. अर्थशास्त्राचा क्रम बराचसा उलटा आहे. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड रिकार्डो याने शेतजमिनीच्या खंडाबाबत दाखवून दिले की खंड भारी म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग म्हणून खंड भारी होतो. शहरी जमिनीलाही हेच लागू पडते. विकसक जमीन घेताना आधी तेथे सदनिका कोणत्या दराने खपेल याचा अंदाज करतो, त्यातून बांधकामखर्च, परवानग्यांचे शुल्क, कर्जाचे व्याज, जाहिरात आणि स्वतःचा नफा वजा करतो, आणि जे उरेल ते जमीनमालकाला देऊ करतो. विक्रीदर ८,००० रुपये आणि बाकी सगळे खर्च नफ्यासह ६,००० रुपये धरले, तर जमिनीच्या वाट्याला प्रति चौरस फूट २,००० रुपये येतात. विक्रीदर दहा टक्क्यांनी वाढून ८,८०० झाला आणि खर्च तेवढेच राहिले, तर जमिनीचा वाटा २,८०० होतो, म्हणजे तो ४० टक्क्यांनी वाढतो. घराच्या भावातील लहानशी हालचाल जमिनीच्या भावात अशी कित्येक पटींनी उमटते, आणि म्हणूनच वाढत्या शहराच्या कडेला घर घेणाऱ्यापेक्षा जमीन धरून बसणारा अधिक कमावतो. अर्थात एकदा चढ्या भावाने जमीन घेतलेला विकसक नंतर घराचा दर उतरवायला तयार होत नाही, एवढ्यापुरते लोकांचे म्हणणेही खरे आहे.

पुण्याच्या वेशीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पेठांमधील वाड्यांचे शहर भाड्याच्या घरांचे शहर होते. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवल्यावर वाड्यात नवी खोली बांधून भाड्याने देणे मालकाला परवडेनासे झाले. जुन्या भाडेकरूला नाममात्र भाड्यात शहराच्या मध्यावर राहता आले, पण नव्याने येणाऱ्यासाठी भाड्याच्या घराचा पुरवठाच आटला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांमधील असंख्य वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठ सोडून टेकडीच्या पायथ्याशी राहायला जाणे ही मध्यमवर्गाला अंगवळणी पडलेली गोष्ट झाली. त्याच सुमारास १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला व्यवहारात 'मोफा' म्हणतात, यांनी भाड्याऐवजी मालकीच्या फ्लॅटची चौकट तयार केली. घराला 'भाव' असतो आणि तो दरवर्षी वाढतो, ही कल्पना सर्वसामान्य पुणेकराच्या मनात या चौकटीतूनच रुजली.

नदीपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आणि मोटारींचे मोठे कारखाने आले, आणि १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने जमीन संपादित करून, रस्ते आखून, भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. निगडी-आकुर्डीकडील रुंद रस्ते आणि झाडी पाहिली की या पद्धतीचा फायदा लक्षात येतो. संपादनात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची परताव्याच्या भूखंडांसाठीची लढाई मात्र पुढे कित्येक दशके रेंगाळली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. १९९१ साली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे ५.२ लाख होती, ती २००१ साली १०.१ लाख आणि २०११ साली १७.३ लाख झाली. २०११च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाने पन्नास लाखांचा टप्पा ओलांडला.

इतक्या वेगाने माणसे येत असताना जमीन मात्र बाजारात सहज येत नव्हती. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार पुण्यात एका व्यक्तीला १,००० चौरस मीटरहून अधिक मोकळी जागा ठेवता येत नसे. जादा जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांसाठी वापरावी, हा हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात जमिनी न्यायालयीन दाव्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकल्या. केंद्राने हा कायदा १९९९ साली मागे घेतला, पण महाराष्ट्राने तो २००७ अखेरपर्यंत चालू ठेवला. जमिनीचा पुरवठा कागदावर अडवून ठेवला की तिचा भाव कमी होत नाही, तो परवानगीच्या भावात मिसळून वाढतो, हा या तीन दशकांचा धडा आहे.

१९९० साली देशातील पहिली सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने ज्या मोजक्या शहरांत उघडली, त्यांत पुणे होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आकाराला आले, २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि पश्चिमेला बाणेर, बालेवाडी, वाकड, तर पूर्वेला विमाननगर, खराडी, हडपसर अशी शहराची दोन्ही अंगे एकाच वेळी वाढू लागली. येथे मागणीचा स्वभावच पालटला. कारखान्यातील कामगार बचत आणि भविष्यनिर्वाह निधी जमवून चाळिशीनंतर घर घेई. संगणक क्षेत्रातील नवरा-बायको दोघांच्या पगारावर कर्ज काढून तिशीच्या आत घर घेऊ लागले. गृहकर्जाच्या व्याजावरील आयकर सवलतीची मर्यादा २००१ साली दीड लाख रुपये झाली होती आणि व्याजदर उतरत होते, त्यामुळे त्या काळात कर्ज काढून घर घेणे हाच शहाणपणा वाटला, आणि ज्यांनी तेव्हा घेतले त्यांना तो लाभलाही.

याच वाढीत मगरपट्ट्याचा प्रयोग मोडतो. हडपसरजवळच्या सुमारे ४०० एकर जमिनीचे मालक असलेल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकसकाला न विकता एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली नगरी उभारली. वर सांगितलेला जमिनीचा वाढीव वाटा मूळ मालकाकडे राहू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले. त्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले. अनुकरण त्या मानाने फारच थोडे झाले, कारण त्यासाठी एकाच भावकीत मोठी सलग जमीन आणि एकमेकांवर विश्वास या दोन्ही गोष्टी लागतात, आणि पुण्याच्या भोवती पहिली होती तेथे दुसरी बहुधा नव्हती.

घराची किंमत आणि कर्जाचा व्याजदर यांचे नाते समजून घेतल्याशिवाय भावांचे चढउतार उलगडत नाहीत. ग्राहक किमतीचा विचार करतो असे वाटते. वास्तविक तो मासिक हप्त्याचा विचार करतो. २० वर्षांच्या मुदतीच्या ५० लाख रुपयांच्या कर्जाचा हप्ता सात टक्के व्याजाने सुमारे ३८,८०० रुपये, तर नऊ टक्क्यांनी सुमारे ४५,००० रुपये पडतो. ज्याला ३८,८०० रुपयेच झेपतात त्याला नऊ टक्क्यांनी सुमारे ४३ लाखच कर्ज मिळेल, म्हणजे व्याज दोन टक्क्यांनी वाढताच त्याची खरेदीची ताकद सुमारे १४ टक्क्यांनी घटते. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवर आला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि २०२५च्या पहिल्या सहामाहीत साडेपाच टक्क्यांवर उतरला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक वेळा याच रेपो दराशी, बांधली गेल्याने ही हालचाल हप्त्यापर्यंत पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते.

मग व्याज वाढल्यावर भाव पडत का नाहीत? २०१३ नंतरच्या सात-आठ वर्षांत पुण्यात मागणी मंदावली, बांधून पडलेल्या सदनिकांची संख्या वाढली, नोटाबंदीने रोखीचा भाग अडवला, तरी छापील दर फारसे उतरले नाहीत. याची कारणे बाजाराच्या रचनेत आहेत. विकसकाने दर उघडपणे कमी केला तर त्याच इमारतीत आधी बुकिंग केलेले ग्राहक भांडायला येतात आणि बँकेकडील तारणाचे मूल्यही घसरते. शिवाय शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला सगळे 'रेडी रेकनर' म्हणतात, भावाला खालून टेकू देतो: मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किंमत आणि हा दर यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते, आणि ठरावीक सवलतीपलीकडे या दराखाली विक्री केल्यास आयकरातही फरकाची रक्कम मोजली जाते. म्हणून मंदीत दर जागेवर राहतो आणि सवलत आडवाटेने येते. पार्किंग फुकट, मुद्रांक शुल्क माफ, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, स्वयंपाकघर सजवून, अशा जाहिराती वाढू लागल्या की भाव खरे म्हणजे उतरले आहेत असे समजावे.

खरी घसरण महागाई करते. छापील दर सात वर्षे तोच राहिला आणि त्या काळात महागाई दरवर्षी पाच टक्के असली, तर घराची वास्तव किंमत सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालेली असते, आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही. उलट दहा वर्षांत दुप्पट झालेल्या घराचा मालक मिशीवर ताव देतो, पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के, पाच टक्के महागाई वजा केली तर वास्तवात पैसे सव्वापटही होत नाहीत, आणि त्यातून कर्जाचे व्याज, मालमत्ता कर व देखभाल अजून वजा व्हायची असते. पुण्यात वार्षिक घरभाडे किमतीच्या साधारण तीन टक्क्यांच्या आसपास फिरत असल्याने केवळ गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेणाऱ्याचा हिशेब बहुतेकदा भाववाढीच्या आशेवरच उभा असतो.

२०२० नंतरची तेजी मात्र खरी होती. कोविडच्या काळात महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० साठी तीन टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले, त्याच वेळी व्याजदर तळाला होते, घरातून काम करणाऱ्यांना एक खोली जास्त हवी होती, आणि नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. शुल्क परत वाढले, एप्रिल २०२२ पासून एक टक्का मेट्रो उपकरही सुरू झाला, व्याज चढले, तरी मागणी ओसरली नाही. तक्त्याचे दरही मागोमाग आले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली, त्यात पुणे महापालिका क्षेत्रात ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के. वेशीकडचा भाव मध्यापेक्षा वेगाने चढतो, हे या दोन आकड्यांतही दिसते.

वेस कागदावर कशी सरकते, तेही पाहण्याजोगे आहे. १९९७ साली पुणे महापालिकेत अडतीस गावे घेतली गेली, पुढे काही पूर्ण आणि काही अंशतः वगळून तेवीस उरली. २०१७ साली धायरी, उंड्री, लोहगावसह अकरा गावे आली. २०२१ साली म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, मांजरी, वाघोलीसह आणखी तेवीस. (या दोन तेविशी वेगळ्या आहेत, विकास आराखड्यांच्या चर्चेत त्यांची सरमिसळ नेहमी होते.) प्रत्येक वेळी समावेशाची नुसती कुणकुण लागताच भाव चढले, कारण महापालिकेचे नाव म्हणजे पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते येणार, असे खरेदीदार गृहीत धरतो. प्रत्यक्षात आधी महापालिकेची करआकारणी येते आणि पाणी मागाहून येते. २०१७ साली घेतलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर सात वर्षांनी पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. याउलट हिंजवडी, जिच्यामुळे अर्ध्या पश्चिम पुण्याचा भाव ठरला, ती दोन दशकांहून अधिक काळ ग्रामपंचायतच राहिली.

पाण्याचा मुद्दा येथे सर्वांत महत्त्वाचा आहे आणि भावांच्या तक्त्यांत तो कोठेच दिसत नाही. पुणे शहर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीवर अवलंबून आहे. तिची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट आहे आणि त्यावर दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीचाही हक्क आहे. पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरण पाजते. वेशीवरची नवी वसाहत या व्यवस्थेत सर्वांत शेवटी येते, त्यामुळे वाघोली किंवा उंड्रीतील सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरवर महिन्याला मोठी रक्कम खर्चावी लागते. शहरातील घर आणि वेशीवरचे घर यांच्या किमतीतील फरकाचा काही भाग हा असा पुढे हप्त्याहप्त्याने भरायचा खर्चच असतो. त्यात रोजच्या प्रवासाचे पेट्रोल आणि दीड-दोन तास मिळवले की 'स्वस्त' घराचा स्वस्तपणा बराच वितळतो. मेट्रोने हा हिशेब थोडा बदलला आहे. मार्च २०२२ मध्ये पहिले टप्पे सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मार्गिका स्वारगेटला पोहोचली, पण स्थानकाजवळच्या घरांनी मेट्रोचा भाव ती धावण्याच्या कितीतरी आधी, खांब उभे राहतानाच वसूल केला होता. शिवाय स्थानकांच्या परिसरात जादा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या तुलनेत अधिक बांधकामाची मुभा, दिल्याने तो लाभही आधी जमिनीच्या किमतीत जातो.

मोजमापाची साधने या सगळ्याच्या मागे राहिली. राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स निर्देशांक २००७ पासून निघू लागला. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक मात्र दीर्घकाळ दहाच शहरांपुरता होता आणि त्यात पुणे नव्हते. २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा शहरांची संख्या अठरा झाली आणि पुण्यासह ठाणे व नागपूर त्यात आले. क्षेत्रफळाचा घोळ तर १ मे २०१७ रोजी महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू होईपर्यंत मिटलाच नव्हता. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा. 'सुपर बिल्टअप'मध्ये जिना, लिफ्ट, क्लबहाऊस यांचाही वाटा घातलेला असे आणि हा वाटा किती धरायचा हे विक्रेता ठरवी. त्यामुळे २०१७ पूर्वीचा 'सुपर बिल्टअप'वरचा ५,०००चा दर आणि नंतरचा चटई क्षेत्रावरचा ७,०००चा दर यांची सरळ तुलना करता येत नाही. त्यातील काही वाढ नुसती मापाची आहे.

म्हणून घर घेऊ इच्छिणाऱ्याने शहराच्या सरासरीपेक्षा आपल्या इमारतीचा भाव पाहावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकतीचा क्रमांक देऊन नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. तीत मोबदला, बाजारमूल्य आणि क्षेत्रफळ तिन्ही असतात. ज्या सर्व्हे क्रमांकावर घर घ्यायचे आहे तेथील मागील तीन-चार वर्षांचे असे दहा-पंधरा दस्त काढून, सगळे चटई क्षेत्रावर आणून, महागाई वजा करून पाहिले, आणि त्याच आवारात चौकशी करून टँकरचे मासिक बिल विचारले, तर कोणत्याही तिमाही अहवालापेक्षा अधिक खरा भाव हाती येतो.